किरकोळ घटनेच्या अनुषंगाने

घणसोली गावठाणाला लागून असलेल्या एका शाळेत मी सतरा वर्षं लिपिक आहे. पालकांना जाणाऱ्या सगळ्या सूचना मी लिहिते. पूर्वी त्या मुलांच्या डायरीत चिकटवून जायच्या, आता मोबाइलवर जातात. भाषा मात्र तीच राहिली. ‘सर्व पालकांना कळविण्यात येते की.’ कोण कळवतं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्या सूचनांत सहल आपोआप रद्द होते, पाणी आपोआप बंद राहतं आणि फी आपोआप वाढते. माणूस म्हणून कोणी काही करत नाही.

ही भाषा मी संस्थेच्या सचिवांकडून शिकले. ते सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते. चांगले गृहस्थ. वेळेवर यायचे, चहासुद्धा स्वतःचा स्वतः करून घ्यायचे. पण वाक्यात कर्ता दिसला की ते अस्वस्थ व्हायचे. ‘आम्ही ठरवलं आहे’ असं मी एकदा लिहिलं, तर त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, “आम्ही म्हणजे कोण? उद्या कोणी विचारलं तर?” तेव्हापासून मी ‘ठरविण्यात आले आहे’ लिहू लागले आणि खरंच कधी कोणी विचारलं नाही.

ते जानेवारीचे दिवस होते. पहिलीचे प्रवेश चालू होते. समोर नवे टॉवर उभे राहिले होते आणि त्यांतली मुलं इंग्रजी शाळांच्या बसमध्ये बसून लांब जायची. त्यांतली चार तरी आपल्याकडे यावीत म्हणून आम्ही भिंतीवर फुलपाखरं रंगवून घेतली होती. एका बुधवारी, मधली सुट्टी व्हायला पाच-दहा मिनिटं असताना, खालच्या मजल्यावरून मुलींच्या किंकाळ्या ऐकू आल्या.

मी ऑफिसातून धावत गेले. मुलींच्या बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये भिंतीला लागून एक लांबलचक साप पडला होता. शाळेच्या मागे खाडीकडची झाडी आहे, तिकडून आला असणार. मुली वाट फुटेल तिकडे पळाल्या होत्या. त्यांतली एक, चौथीतली, पायरीवरून घसरली होती आणि तिच्या कपाळातून रक्त येत होतं. पिवळ्या स्वेटरवर त्याचे डाग पडले होते. रक्त पाहून तिची शुद्ध हरपली.

आमचे शिपाई मामा तिथे माझ्या आधी पोचले होते. मामा गावठाणातलेच, निवृत्तीला चार महिने उरलेले. शाळा जिथे आहे तिथे त्यांच्या लहानपणी भातशेती होती आणि कोणाचा बांध कुठवर होता ते मामा अजूनही बोट फिरवून दाखवायचे. त्यांनी सापाकडे एकदाच पाहिलं.

“बाय, घाबरू नको,” ते मला म्हणाले. “धामन हाय ती. काय करीत नाय. ती आपल्यालाच भ्यालीय.”

मग त्यांनी मुलीला दोन्ही हातांवर उचललं, फाटकातून बाहेर नेलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात घेऊन गेले. पाठोपाठ चौथीच्या बाई धावल्या. अर्ध्या तासात सगळं आटोपलं होतं. कपाळाला दोन टाके पडले. मुलगी शुद्धीवर आली, डॉक्टरांनी तपासून परत पाठवलं. ओळखीचा एक सर्पमित्र येऊन धामण पिशवीत घालून घेऊन गेला. जाण्यापूर्वी त्याने तिचा मोबाइलवर व्हिडिओही काढला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

मुलीच्या घरी कळवणं माझं काम होतं. मी रजिस्टर उघडलं आणि आईचा नंबर लावला. फोन बंद होता. वडिलांचा नंबर पुढच्या पानावर होता. मी पान उलटणार, तेवढ्यात सचिव आत आले आणि म्हणाले, “ते नंतर. आधी सूचना काढा. पालकांना आपल्याकडून कळलं पाहिजे.”

त्या पानावर माझं बोट होतं. मी ते काढलं आणि कीबोर्डवर ठेवलं. याचं समर्थन मी बऱ्याचदा शोधलं आहे, अजून सापडलेलं नाही.

मुख्याध्यापिका मॅडमही आल्या. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो.

“लिहा,” सचिव म्हणाले. “आज शाळेच्या आवारात...”

“साप निघाला,” मी म्हणाले.

“साप नको.”

“धामण लिहू? बिनविषारी होती.”

“बाई, प्रवेश चालू आहेत. टॉवरमधले लोक साप वाचून काय करतील? बिनविषारी हा शब्द वाचेपर्यंत कोणी थांबत नाही.”

मॅडमनी हळूच सुचवलं, “सरपटणारा प्राणी?”

“त्यापेक्षा साप बरा. लोकांना मगर वाटेल. प्राणी काढूनच टाका. नुसती घटना ठेवा.”

“कसली घटना?” मी विचारलं.

“किरकोळ.”

अशी ती सूचना तयार झाली. मला ती आजही पाठ आहे. ‘आज शाळेच्या आवारात घडलेल्या किरकोळ घटनेच्या अनुषंगाने पालकांनी घाबरून जाऊ नये. संबंधित विद्यार्थिनीची प्रकृती स्थिर आहे. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे. कृपया कोणत्याही अफवांवर विश्वास ठेवू नये.’

“पण अफवा कुठे आहेत?” मॅडमनी विचारलं.

“नसल्या तरी वाक्य असू द्या,” सचिव म्हणाले. “त्याने पूर्णत्व येतं.”

साडेअकराला मी सूचना सगळ्या वर्गांच्या ग्रुपवर पाठवली. अकरा एकतीसला पहिला फोन आला.

“किरकोळ म्हणजे काय झालंय नक्की?”

“काळजीचं कारण नाही,” मी ठरल्याप्रमाणे सांगितलं.

“मग घाबरू नका असं का लिहिलंय?”

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसरा फोन एका वडिलांचा. “संबंधित विद्यार्थिनी म्हणजे कोण? माझी मुलगी आहे का?” मी म्हटलं, नाही. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच विचारलं, “मग कोणाची आहे?” तिसऱ्या बाईंनी काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “प्रकृती स्थिर असं आयसीयूच्या बाहेर सांगतात. मी येतेय.” आणि फोन ठेवला.

सूचनेत साप नव्हता, पडणं नव्हतं, टाके नव्हते. होती फक्त एक विद्यार्थिनी आणि एक घटना. मधली जागा आम्ही रिकामी सोडली होती. हल्ली रोज पेपरात काय काय येतं ते वाचणाऱ्या आईबापांनी ती कशाने भरली असेल, हे सांगायला नको. मीही आई आहे. बाहेर असते तर मीही तेच भरलं असतं.

बाराच्या सुमाराला फोटो आला. समोरच्या टॉवरच्या गॅलरीतून कोणीतरी काढला होता. मामांच्या हातांवर निपचित पडलेली मुलगी, स्वेटरवर लाल डाग. चौथीच्या बाई दहा पावलं मागे होत्या, त्या फोटोत आल्या नव्हत्या. खाली लिहिलं होतं, ‘शाळेत मुलीबरोबर काय झालं? शाळा दाबते आहे.’ तासाभरात तो फोटो फिरून आमच्याच ऑफिसात परत आला तेव्हा एका मुलीच्या दोन मुली झाल्या होत्या, आणि मामा परराज्यातून आलेले कंत्राटी कामगार झाले होते. ज्यांच्या बापाचं शेत त्या टॉवरच्या पायाखाली गेलं, त्यांच्याबद्दल त्याच टॉवरच्या ग्रुपवर कोणीतरी विचारत होतं, ‘असल्या बाहेरच्या लोकांची पोलीस तपासणी केली होती का?’

मामा तेव्हा सिकरूममध्ये मुलीजवळ बसून तिला ग्लुकोजचं बिस्किट पाण्यात बुडवून देत होते. तिला चहा हवा होता, पण शाळेत मुलांना चहा द्यायचा नाही असा नियम होता आणि मामा नियम मोडत नसत.

सव्वा वाजता मुलीची आई आली. मूळच्या मराठवाड्यातल्या, गावठाणात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. बेलापूरला एका कार्यालयात कंत्राटावर डेटा एन्ट्री करायच्या. गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. फाटकावर एव्हाना शंभरेक पालक जमले होते, त्यांच्यातून वाट काढत त्या आल्या. त्या ऑफिसात थांबल्याच नाहीत, सरळ सिकरूममध्ये गेल्या.

मुलगी त्यांना बघून रडायला लागली नाही. उलट उठून बसली. “मम्मी, धामण एवढी मोठी होती!” तिने दोन्ही हात पसरले, ते कमी वाटले म्हणून भिंतीकडे बोट दाखवलं. “इथून तिथपर्यंत! आणि मामा तिला घाबरलेच नाहीत.”

आईने तिच्या कपाळावरची पट्टी पाहिली, मान, पाठ, हात, पाय, सगळं चाचपून पाहिलं. मग तिला जवळ घेऊन कितीतरी वेळ नुसत्या बसून राहिल्या. शेवटी मामांकडे वळून म्हणाल्या, “मामा, तुम्ही पाणी पिलात का सकाळपासून?” त्या दिवशी मामांना हे विचारणारी ती पहिली आणि शेवटची व्यक्ती.

मग त्या माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज चढलेला नव्हता.

“मॅडम, माझ्या लेकराला लागलं हे मला तिच्या पप्पाने सांगितलं. ते जासईला कंटेनरच्या यार्डात ट्रेलर चालवतात. त्यांना क्लीनरने फोटो दाखवला. त्यांनी स्वेटर ओळखलं, माझ्या बहिणीने विणलेलं. त्यांनी माझ्या ऑफिसच्या फोनवर फोन केला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. इथपर्यंत रिक्षात बसून मी काय काय विचार केला असेल, सांगू का तुम्हाला?”

“ताई, मी फोन लावला होता. बंद होता.”

“कामाच्या वेळी ड्रॉवरमध्ये ठेवायला लावतात. म्हणून तर दोन नंबर लिहून दिले होते.”

सचिव पुढे होऊन म्हणाले, “ताई, संस्थेला या घटनेबद्दल खेद आहे.”

“संस्थेला?” त्यांनी विचारलं. “तुम्हाला नाही का?”

सचिवांनी चष्मा काढून पुसला. हा प्रश्न त्यांना नोकरीत कधी कोणी विचारला नसावा.

मुलीला कडेवर घेता येईल एवढी ती लहान नव्हती, तरी आईने तिला उचललं आणि पुढच्याच फाटकातून बाहेर पडल्या. लोकांनी त्यांना घेरलं. मी खिडकीतून ऐकत होते. “साप निघाला होता, ही पळताना पडली,” त्या मोठ्याने सांगत होत्या. “शिपाई मामांनी उचलून दवाखान्यात नेलं. बाकी काही नाही.” लोक थोडा वेळ शांत झाले. त्या रिक्षात बसून गेल्या आणि दहा मिनिटांत ग्रुपवर नवा मेसेज आला, ‘मुलीच्या आईवर शाळेचा दबाव. सापाची गोष्ट सांगायला लावली.’ साप असता तर शाळेने साप लिहिलं नसतं का, असा त्यात रोखठोक प्रश्न होता. माणूस शहाणा होता. फक्त त्याने आमच्या शाळेला आपल्याइतकं शहाणं समजलं होतं.

गर्दी मामांना बाहेर आणा म्हणू लागली. कोणीतरी फाटक हलवलं. सचिव घामाघूम झाले होते. भीती खरी होती, हे मला मान्य केलं पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला कोणी हात लावला असता तर? त्यांनी मामांना मागच्या फाटकाने घरी पाठवलं. “दोन दिवस येऊ नका, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय,” ते म्हणाले. मामांनी सगळ्या वर्गांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. कुठली किल्ली अडकते, कुठली जरा उचलून फिरवावी लागते ते मला नीट समजावलं आणि गेले.

इथवर ठीक होतं. पण सचिवांना वाटलं की लोकांना शांत करायला काहीतरी कळवलं पाहिजे. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं, ‘संबंधित कर्मचाऱ्यास पुढील आदेशापर्यंत कामापासून दूर ठेवण्यात आले आहे.’

पाठवण्याआधी मी थांबले. “सर, याचा अर्थ वेगळा होतो.”

“अर्थ काही होत नाही. वस्तुस्थिती आहे. ते घरी आहेत की नाहीत?”

“मॅडम?” मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर फाटकाकडे बघत होत्या. “आत्ता पाठवा,” त्या म्हणाल्या, “उद्या बघू.”

मी पाठवलं. हे सांगताना मला ‘पाठविण्यात आले’ असं लिहावंसं वाटतं आहे. गर्दी खरंच शांत झाली. हवं ते मिळाल्यासारखे लोक घरी गेले. संशय होता तो आम्ही सही-शिक्क्यानिशी खरा करून दिला होता.

गुरुवारी पोलीस आले. एक महिला कॉन्स्टेबल होत्या, तिशीतल्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी दवाखान्याचा कागद पाहिला, चौथीच्या मुलींशी गप्पा मारल्या, सर्पमित्राला फोन लावून व्हिडिओ मागवून घेतला. मुलीच्या घरीही जाऊन आल्या. मग ऑफिसात येऊन आमच्या दोन्ही सूचना वाचल्या. दोनदा वाचल्या.

“हे कोणी लिहिलं?”

सचिवांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे.

“साप होता तर साप लिहायचं ना!” कॉन्स्टेबल म्हणाल्या. “त्यात काय लपवायचं होतं? साप काय तुमच्या स्टाफवर आहे?”

त्या गेल्यावर आम्ही तिसरी सूचना काढली. तिच्यात साप होता. बिनविषारी हा शब्द होता. सर्पमित्राचा व्हिडिओ जोडला होता. उत्तरं भराभर आली. ‘आता सुचलं वाटतं.’ ‘हा व्हिडिओ जुना आहे, मी मागच्या वर्षी पाहिलाय.’ एका आजोबांनी सापाची जात चुकीची आहे असं लिहिलं आणि पुढचे दोन तास ग्रुपवर त्यावरच वाद रंगला. बुधवारी सकाळी जे सांगून कोणाचा चहासुद्धा थंड झाला नसता, ते गुरुवारी पुराव्यासकट सांगून कोणाला पटेना.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी मामांच्या घरी गेले. गावठाणातल्या बोळात त्यांचं घर, वर दोन मजले भाड्याने दिलेले. मामा ओट्यावर बसले होते, अंगात शाळेचाच खाकी शर्ट. गावात त्यांच्याबद्दल कोणाच्या मनात किंतु नव्हता, मामी म्हणाली. चार माणसं येऊन बसून जात होती. पण वरच्या भाडेकरूने आपल्या मुलीला जिन्यात एकटीला सोडणं बंद केलं होतं. कालपासून तो तिला हाताला धरून खाली आणायचा आणि मामांसमोरून जाताना बाजू बदलून मधे यायचा.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “मामा, दोन-तीन दिवसांत सगळं निवळेल.”

मामा म्हणाले, “बाय, तू व्हतीस ना तिथं? समदा बगलास ना तू?”

“हो.”

“मंग तसा का नाय लिवलास?”

एवढंच विचारलं त्यांनी. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं. मामा चौथी शिकलेले. लिहिता येणारा माणूस जे पाहिलं ते लिहितो, अशी त्यांची साधी समजूत होती. मामीने कोरा चहा आणला. तो मी कसाबसा संपवला.

शनिवारी पालकांची सभा बोलावली. हॉल भरला. सचिवांनी सुरुवात केली. विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे संस्थेचं सर्वोच्च प्राधान्य आहे, समिती नेमण्यात येईल, संवादाची यंत्रणा बळकट करण्यात येईल. मागून कोणीतरी ओरडलं, “त्या शिपायाचं काय झालं ते सांगा!” सचिव म्हणाले, “त्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.” हॉलमध्ये गलका झाला.

तेव्हा मुलीची आई उठल्या. त्यांनी माईक मागितला नाही. पुढे आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी बाजूच्या टेबलावर सभेचा वृत्तांत लिहायला बसले होते.

“मॅडम, सूचना तुम्ही लिहिता ना?”

“हो.”

“मग मी सांगते तसं लिहा.” त्या लोकांकडे वळल्या. “मी रोज आठ तास दुसऱ्याने लिहिलेलं टाइप करते. म्हणून मला कळतं, न सांगता कसं लिहितात ते. आज सांगून लिहू.”

मी सचिवांकडे पाहिलं. ते मान हलवत होते. मग मॅडमकडे पाहिलं. चार दिवस त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आता सरळ बघत होत्या. “बाई, लिहा,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावाने लिहा.”

आई सांगत गेल्या आणि मी मोबाइलवर लिहीत गेले. “बुधवारी सकाळी शाळेत धामण निघाली. ती विषारी नसते. चौथीतली एक मुलगी घाबरून पळताना पडली, तिच्या कपाळाला दोन टाके पडले. आमच्या शिपाई मामांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं, तिच्या बाई सोबत होत्या. आम्ही तिच्या आईला एकदाच फोन केला, तो लागला नाही, तरी वडिलांना केलाच नाही. साप निघाला हे आम्ही तुमच्यापासून लपवलं, कारण...”

त्या थांबल्या. “कारण मला माहीत नाही. सर, कारण काय होतं?”

सचिव उभे होते. एका पेन्शनर माणसाला शंभरएक लोकांसमोर कर्ता होण्याची पाळी आली होती.

“प्रवेश चालू होते,” ते म्हणाले. मग घसा साफ करून, “मला भीती वाटली.”

“लिहा,” आई म्हणाल्या, “आम्हाला भीती वाटली. आणि मामांना आम्ही घरी पाठवलं. त्यांची काही चूक नव्हती. चूक आमची होती. खाली मोठ्या मॅडमचं नाव.”

मॅडमनी माझ्याकडून मोबाइल घेतला, वाचलं आणि स्वतःच्या हाताने पाठवलं. हॉलमध्ये खिशाखिशांतून फोन वाजले. लोक समोर बसून ऐकलेलंच पुन्हा मोबाइलवर वाचत होते, आणि छापील दिसल्यावर बहुतेकांना ते पटलं.

टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून विचारू लागले, मामा कुठे राहतात. फोटो त्यांच्याच गॅलरीतून काढलेला होता, त्यांच्या मुलीने. रविवारी ते पेढे घेऊन मामांकडे गेले. मामांनी पेढे घेतले, चहा पाजला आणि त्यांना ओट्यावरूनच दाखवलं की तुमचा टॉवर आहे तिथे आमची विहीर होती.

सोमवारी मामा कामावर आले. किल्ल्या घेतल्या, घंटा दिली. सगळं पूर्वीसारखं वाटत होतं. पण पहिलीतला एक मुलगा खेळताना मैदानावर पडला तेव्हा मामा त्याच्यापासून दोन हातांवर उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे धरून, आणि “बाई, या लवकर, पोर परला,” अशा हाका मारत राहिले. आधी कधीही ते पडलेल्या मुलापाशी पोचले नाहीत असं झालं नव्हतं. मी जाऊन त्याला उचललं. लोकांनी त्यांच्यावर पुन्हा विश्वास ठेवला होता. त्यांनीच आता लोकांवर ठेवायचं सोडलं होतं.

एप्रिलच्या शेवटी त्यांचा निरोप समारंभ झाला. सचिवांनी भाषण केलं. मामांच्या प्रसंगावधानामुळे आणि संस्थेच्या पारदर्शक धोरणामुळे एका बिकट प्रसंगातून शाळा कशी तावूनसुलाखून निघाली, ते त्यांनी सांगितलं. दरम्यान त्या धोरणाची एक जाड फाईल तयार झाली होती आणि इतर शाळांना मार्गदर्शन करायला सचिवांना बोलावणी येऊ लागली होती. मी वाईट वाटून घेतलं नाही. हॉलमधलं ते एक वाक्य त्यांना फार जड गेलं होतं. भरपाई म्हणून एवढं चालेल.

मुलीची आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. मुलगी मामांच्या पाया पडली. मामांचा हात आशीर्वादासाठी अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं.

“ठेवा ना मामा,” त्या म्हणाल्या.

मामांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. चांगला दोन्ही हातांनी.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसरीच्या वर्गात कांजिण्या आल्या. आता मला कोणाला विचारायचं नव्हतं. मी लिहिलं, ‘दुसरी अ मधल्या तीन मुलांना कांजिण्या आल्या आहेत. तिन्ही मुलं घरी आहेत. वर्ग आम्ही धुऊन घेतला आहे. तुमच्या मुलाच्या अंगावर फोड दिसले तर शाळेत पाठवू नका, मला फोन करा.’ खाली माझं नाव आणि नंबर. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

पाच मिनिटांत फोन आला. एक वडील बोलत होते.

“तीनच मुलं?”

“तीनच.”

“आणि कांजिण्याच?”

“कांजिण्याच.”

“मॅडम, खरं सांगा. इतकं स्पष्ट तुम्ही कधी लिहीत नाही. काहीतरी मोठं आहे ना?”

मी त्यांना म्हटलं, येऊन बघा. ते खरंच आले. दुसरी अ च्या दारात उभं राहून त्यांनी रिकाम्या जागा मोजल्या, तीनच भरल्या. माझ्याकडे वळून, “ठीक आहे,” म्हणाले. मग आपल्या मुलाला दप्तरासकट उचललं आणि घरी घेऊन गेले.